झाकणबाई

आमच्या मोठीआईचा माणसांवर विश्वास नव्हता, गंजावर होता. गंज म्हणजे आमच्या वऱ्हाडात सैपाकाचं पातेलं. घरी कोणी आलं की लोक 'बरं आहे ना' असं विचारतात, ती विचारायची, "आज काय केलं होतं?" समोरची बाई सांगायची, वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी. मोठीआई मान डोलवून ऐकून घ्यायची आणि बाई फाटकाबाहेर पडली रे पडली की आईला म्हणायची, "वांग्याची भाजी म्हने! हाताले नुसता कांद्याचा वास येऊन राहिला होता. बेसन केलं असन अन् सांगून राहिली वांगे." झुणक्याला आम्ही बेसनच म्हणतो. बेसन करण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मोठीआईही आठवड्यातून दोनदा करायची. पण ती बाई बेसनाबद्दल खोटं बोलली, म्हणजे आणखी कशाबद्दलही बोलू शकते, असा तिचा हिशेब होता, आणि पुढं त्या बाईनं भिशीच्या गोष्टी सांगितल्या तरी मोठीआई अर्धं कानाआड करायची.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा मी लहान असतानाच वारले, मूलबाळ नव्हतं, म्हणून हिवरखेडचं घर बंद करून ती अमरावतीला आमच्याकडे आली ती कायमचीच. ती लग्न होऊन आली तेव्हा माझे वडील शाळेतही जात नव्हते. त्यांना भरवलं, वाढवलं तिनं. त्यामुळे आमच्या घरात आई बोलायची, वडील ऐकायचे, आणि ठरवायची मोठीआई.

तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे सोयरीक तपासणं. नात्यातल्या कुठल्याही मुलीचं लग्न जुळत आलं की मुलीच्या बापाचा आमच्या घरी फोन यायचा. मुलाची नोकरी, पत्रिका, शेती हे सगळं पुरुषमाणसं पाहून यायची. त्यांना तिथं श्रीखंड, जिलेबी, दोन भाज्या आणि कुरडई मिळायची आणि ती खुशीत घरी यायची. मोठीआईला ते पटायचं नाही. "पाव्हन्याच्या ताटात घर दिसत नाही," ती म्हणायची. "घर पाहाचं असन त मंगयवारी अकरा वाजता जा. सांगून जाऊ नका."

ती तशीच जायची. मुलाच्या गावी कोणाकडे तरी काम काढायचं, भर उन्हात नेमकं त्यांच्या दारासमोर थांबायचं आणि म्हणायचं, "बाई, तहान लागली, पानी देता काय?" वऱ्हाडात पाणी मागणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ओट्यावरून परत पाठवण्याची कोणाची हिंमत नाही. पाण्याच्या निमित्तानं ती सैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची, आणि घरची बाई रांजणाकडे वळली की हिचा हात झाकणावर. भाजी सगळ्यांना पुरेल एवढी आहे का. पोळ्या गव्हाच्या आणि भाकरी ज्वारीच्या अशा वेगवेगळ्या झाकून ठेवल्या आहेत का, आणि असल्या तर पोळ्या कोणासाठी. सुनेच्या वाट्याला नुसता तळाचा रस्सा उरणार आहे का. एवढं पाहायला तिला पेलाभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ पुरायचा. काही सोयरिकी तिनं अशा मोडल्या. ज्या घरांत मोडल्या त्यांनीच तिला 'झाकणबाई' असं नाव ठेवलं. तिला ते माहीत होतं आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

एकदा आम्ही सगळे चिखलदऱ्याला गेलो होतो. हॉटेलच्या पाटीवर 'अस्सल वऱ्हाडी थाळी' असं रंगवलेलं. वडील हरखले. मोठीआईनं वाढप्याला जवळ बोलावलं. बाप्या चांगला पन्नाशीचा होता. "भाऊ, तुमी सकायी काय खाल्लं?" तो गोंधळला. म्हणाला, "भात अन् आलूची भाजी." "मंग मले तेच आणा." तो म्हणाला, माय, ते आमचं असते, गिऱ्हाइकाचं नाही. मोठीआई म्हणाली, "मी तेच म्हनून राहिली ना." आम्ही पाटीवरची थाळी खाल्ली, तिनं त्याचा भात-आलू खाल्ला, आणि रात्रभर पोट आम्हा तिघांचं दुखलं. दुसऱ्या दिवशी ती नुसती आमच्याकडे पाहत चहा पीत होती. ते जास्त झोंबलं.

पुढं पुढं वडिलांच्या मोबाइलवर ती जगभरच्या जेवणाचे व्हिडिओ पाहायची. कुठं जपानमधली आजी नूडल्स करते, कुठं मोरोक्कोत कोणी मातीच्या भांड्यात मटण शिजवतं. कानाला इअरफोन, नाकावर चष्मा आणि कपाळाला आठी. "हे काही ते रोज खात नसतीन," तिचा शेरा ठरलेला. "क्यामेरा आला म्हनून केलं. इतकी कोथमिर कोन रोज चिरते?" आई म्हणायची, असतील हो तिकडच्या रीती. "रीत गेली चुलीत. त्या बाईचे भांडे पाह्य. एकालेही डाग नाही. रोज सैपाक करनाऱ्या बाईचं भांडं असं असते काय?" मी तेव्हा पुण्याला नोकरी करत होते. सुटीत घरी आले की तिच्या शेजारी बसून हे ऐकायचे आणि हसायचे. पण खरं सांगते, तिची ही खोड मलाही लागली. आजही कोणी ताटाचा फोटो टाकला की मी आधी त्या ताटाच्या मागं काय दिसतंय ते पाहते.

मग माझं लग्न जुळायची वेळ आली, आणि मोठीआईचं सगळं कसब माझ्याच अंगाशी आलं.

मुलगा निखिल. घर अकोल्याचं, नोकरी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला. नात्यातल्या एका काकांनी सोयरीक सुचवली आणि घरच्यांची बोलणी रेंगाळत होती तोवर आमची दोघांची फोनवर चांगली ओळख झाली. मला तो आवडला. साधं बोलायचा, स्वतःवर हसायचा, आणि मी काही सांगत असले की मध्ये तोंड घालायचा नाही. माझ्या मनानं होकार दिला होता. वडिलांचाही होता. पण वडील म्हणाले, "वहिनी पाहून येऊ दे. तिचा नाही असला त मी पुढं जानार नाही, आताच सांगून ठेवतो." वडील आयुष्यात फार थोड्या वेळा असं बोलले आहेत.

मी सुटी घेऊन घरी होते तेव्हा मोठीआई एका बुधवारी सकाळच्या बसनं अकोल्याला गेली आणि दिवेलागणीला परत आली. पाय धुतले, पाणी प्यायली, आणि पाटावर बसून म्हणाली, "घर बरं नाही."

मी विचारलं, "काय होतं सैपाकात?"

"बेसन, भाकर, ठेचा, ताक. सारे संगं जेवाले बसले. बुडा, बुडी, सारे. अन् मलेही बसवलं."

"मग तुमाले आणखी काय पायजे?" आई म्हणाली.

"तेच त. कावून सारं इतकं बरोबर होतं? रोजच्या सैपाकात काहीतरी चुकते. मीठ जास्त होते, एखादी भाकर करपते. यायच्या घरी काहीच चुकलं नोतं. अन् तव्याले पिठाचा डागही नोता." मग ती पुढं वाकली. "मी मीठ मांगतलं. त ते बाई येक डब्बा उघडे, दुसरा उघडे, तिसरा उघडे. आपल्या घरातलं मीठ तिले सापडेना. मंग बुड्यानं भाईरच्या खोलीतून आवाज देला, खालच्या फयीवर पाहा. सांग बरं, घरच्या बाईले मीठ कुठी आहे ते माईत नाही?"

मोठीआईनं निकाल दिला. "ते बाई त्या घरची नाही. दाखवाले आनली."

मी म्हटलं, मोठीआई, ती त्याची सख्खी आई आहे, मी फोनवर बोलले आहे त्यांच्याशी. "असन. आई असन. पन तिथं राहात नसन. नवराबायको येगयेगळे राहात असतीन अन् आपल्यापासून लपवून राहिले." आईनं कपाळाला हात लावला. वडील मात्र विचारात पडले, आणि मला भीती वाटली ती त्यांच्या त्या विचारात पडण्याची. सोयरीक सुचवणाऱ्या काकांना फोन गेला. काका गुळमुळीत बोलले. मोठीआईनं फोनवरचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "पाह्य, कसा चाचरते."

मला राग आला. खूप आला. तव्याच्या डागावरून माझं लग्न मोडणार होतं. पण रागाखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती जास्त त्रास देत होती. मीठ का सापडलं नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. निखिलला विचारायला जीभ रेटेना. विचारलं असतं तर त्यानं काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर मी मोठीआईच्या कानांनी ऐकलं असतं.

वाट मोठीआईनंच काढली. "हालंडात दुपारच्या जेवनाचा टाइम झाला की मले फोन लावून दे. तोंड दिसते तो फोन. त्याले आधी सांगू नको." तिकडची दुपार म्हणजे आमच्या चहाची वेळ. मी त्याला दोन शब्द लिहून सावध करू शकले असते. मोबाइल हातात होता. नाही लिहिले. मलाही पाहायचं होतं.

निखिलनं फोन उचलला तो ऑफिसच्या कँटीनमध्ये. समोर डबा, डब्यात पावाचे दोन काप आणि त्यांच्यामध्ये चीजची चकती. मोठीआईनं त्याच्या नमस्काराकडे लक्षच दिलं नाही.

"हे काय आहे रे बाप्पा?"

"जेवण आहे मोठीआई."

"थंडी डबलरोटी? भर दुपारी? कोनी काही गरम देत नाही काय तुले?"

तो म्हणाला, इथं दुपारी सगळे असंच खातात, गरम जेवण रात्री. मोठीआईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला पाठ होता. मग फोनकडे वळून म्हणाली, "सारे? दाखव."

आणि त्या बिचाऱ्यानं दाखवलं. शेजारी एक उंच, पांढऱ्या केसांचे डच गृहस्थ बसले होते. त्यांच्या पावावर लोणी आणि लोण्यावर चॉकलेटचे बारीक दाणे, लहान पोरांच्या केकवर असतात तसे. मोठीआईचा विश्वास बसेना. एवढा बाप्या माणूस आणि असलं गोड खातो? "त्याले इचार, रोज खाते काय?" निखिलनं विचारलं. गृहस्थ म्हणाले, लहानपणापासून रोज. "खोटं," मोठीआई म्हणाली. मग तिला त्यांच्या हाताशी पांढरा पेला दिसला. ते काय? निखिल म्हणाला, ताक. मोठीआई जरा सैल झाली. "ताक पेते? मंग खाऊ दे त्याले काय खाते ते."

पलीकडे ब्राझीलचा एक पोरगा होता, त्याच्या डब्यात भात आणि काळ्या घेवड्याची उसळ. "हे रोजचं आहे," मोठीआईनं न विचारताच सांगितलं. "कसं?" मी म्हटलं. "डब्बा पाह्य ना. कडेले काया पडला. येका दिवसात नाही पडत तसा." त्यापुढं इथिओपियाची एक मुलगी. तिच्याकडे आंबोळीसारखी जाळीदार, करड्या रंगाची मोठी पोळी आणि तिच्यावर मसुराचं घट्ट वरण. मोठीआईनं तिला डबा क्यामेऱ्याजवळ आणायला लावला. "आंबवलेलं आहे. पाव्हन्यासाठी कोनी इतके दिवस आधी पीठ भिजवून ठेवत नाही. ते पोरगी खरी आहे." निखिलनं हे त्या मुलीला काय भाषांतर करून सांगितलं कोण जाणे, ती इतकी हसली की तिच्या हातातला घास पडला. मग कँटीनमधली माणसं आपापले डबे घेऊन फोनसमोर येऊ लागली. अमरावतीच्या आमच्या बैठकीत बसून मोठीआई एकेकाचं झाकण उघडायला लावत होती आणि एकेकाला पास-नापास करत होती. आई चहा घेऊन दारातच उभी राहिली होती.

शेवटी ती निखिलकडे परत आली. त्याच्या चीजखाली काहीतरी हिरवं दिसत होतं, ते तिनं मघाच हेरून ठेवलं होतं.

"त्याच्याखाली काय लावलं?"

"ठेचा. त्याच्याशिवाय हे घशाखाली उतरत नाही."

"कोनं देला?"

"बाबांनी. मागच्या वेळी येताना करून दिला, तो पुरवून पुरवून खातो."

"बापानं? अन् आईनं नाही?"

निखिल हसला. "आईले कुठला ठेचा जमते मोठीआई. तिले मीठ कुठी आहे तेही सांगता येत नाही. आमच्या घरी सैपाक बाबाच करतात. आईची हॉस्पिटलची ड्यूटी असते, रातपाळी, दिवसपाळी. मी लहान होतो तेव्हापासूनच."

मोठीआईनं फोन बंद केला. निरोप न घेता, एकदम. मी म्हटलं, झालं का तुझं समाधान? आता कळलं ना मीठ का सापडलं नाही?

"पोट्टं बापाची बढाई मारून राहिलं असन," ती म्हणाली. "पोट्टे मारतात. अन् खरं असन त मंग त्या दिवशी भाकर कोनाच्या हातची होती? लपवलं कावून? मले पुन्हा जा लागते. तू चाल माह्यासंगं."

आम्ही निघालो ते वडिलांनाही न सांगता. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती आणि मी तिच्याकडे. ती उतरून 'नाही' म्हणाली असती तर मी काय केलं असतं, हे मी त्या बसमध्ये स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं.

दार निखिलच्या बाबांनी उघडलं. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठानं भरलेले. शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगमास्तर ते. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उतरला. हात लपवावेत तर कुठं लपवणार.

"या ना, या. हिची रातपाळी होती, झोपली आहे. उठवतो."

"उठवू नका," मोठीआई म्हणाली. "तुमी काय करून राहिले होते?"

"भाकर," ते खाली मान घालून म्हणाले. मग धीर करून सगळं सांगून टाकलं. अमरावतीची एक बाई न सांगता येते आणि झाकणं उचलते, हे त्या मध्यस्थ काकांनीच त्यांना आधी कळवलं होतं. घरात पुरुष सैपाक करतो हे कळलं तर सोयरे काय म्हणतील, या भीतीनं ते आठवडाभर रोज शेजारच्या वहिनींकडून भाकरी करून आणत होते आणि बेसन-भाकर खाऊन वाट पाहत होते. बायकोला सैपाकघरात उभं केलं होतं. "ते म्हने, माह्यानं हे नाटक होनार नाही. मीच बळजबरी केली. चुकलं आमचं."

मोठीआईनं पायातल्या वहाणा काढल्या. सैपाकघरात गेली, चौरंग ओढला आणि गॅसच्या ओट्याजवळ बसली. "करा मंग. तवा तापला आहे."

त्यांनी भाकर थापली. ती गोल झाली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि ज्वाळेवर धरली तशी टम्म फुगली. त्यांनी ती ताटात घेतली, वर तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी घातली, ताट मोठीआईसमोर ठेवलं.

"तुमी?" तिनं विचारलं.

"आमी मंग. हिची झोप झाली की दोघं संगं बसतो. रोज तसंच असते."

मोठीआईनं पहिला घास घेतला. मी तिच्याकडे पाहत होते, कारण माझं सगळं तिच्या तोंडावर अवलंबून होतं. ती हळूहळू चावत राहिली. तिनं इकडं तिकडं पाहिलं नाही, एकाही झाकणाला हात लावला नाही. पहिली भाकर अर्धी झाली तोवर त्यांनी दुसरी गरम भाकर तिच्या ताटात टाकली. तिनं नको म्हटलं नाही. दोन्ही भाकरी तिनं संपवल्या. मग ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "भाजीत मीठ कमी होतं." मास्तरांचा चेहरा पडला. मला मात्र तिथंच रडू फुटायचंच बाकी राहिलं, कारण मला माहीत होतं, की चूक सापडल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नाही.

परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ पदरानं तोंड पुसत होती. मला वाटलं, उन्हामुळे. बोरगाव मंजू मागं पडलं तेव्हा ती बोलली.

"माहा बाप घर पाहाले गेला तेव्हा त्याले श्रीखंड वाढलं होतं. बाप लय खूश झाला. घरी येऊन म्हने, पोरगी दुधातुपात राहीन." ती खिडकीकडे वळली. "गड्यामानसाईचं झालं की मंग सासूबाई, मंग नंदा, अन् मंग मी. माह्या वाट्याले जे होतं ते थंडं. हिवायात त भाकर दातानं तुटत नोती. मोठेबाबा वाईट नोते तुह्ये. पन त्याईनं कधी उठून पाह्यलं नाही, की हे काय खाते. अन् कोनी पाहाले आलंही नाही माह्या घरून." मग म्हणाली, "तव्यावरची पयली भाकर मी आज खाल्ली. इतकी बुडी झाली तेव्हा."

मी तिचा हात धरला. तिच्या तपासणीवर आम्ही इतकी वर्षं हसत होतो. ती भर उन्हात कोणाकोणाच्या दारात पाणी मागत का उभी राहायची, ते मला तेव्हा कळलं, आणि माझा सगळा राग विरून गेला. मी विचारलं, "मग बाबांना काय सांगू?"

"सांग, घर खरं आहे."

लग्न झालं. मी आइंडहोवनला आले. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि जेवणाची वेळ साधूनच यायचा. मी काय खाल्लं ते सांगायचे, ती "दाखव" म्हणायची. एकदा आम्ही कंटाळून नुसता पाव-चीज खाल्ला होता आणि मी खिचडी सांगितली. "सिंक दाखव," ती म्हणाली. सिंकमध्ये कुकर नव्हता. त्यानंतर मी तिच्याशी खोटं बोलायच्या फंदात पडले नाही. त्या इथिओपियाच्या मुलीशी माझी मैत्री झाली आहे. ती अजून विचारते, तुझी तपासनीस कशी आहे.

गेल्या हिवाळ्यात मोठीआई आजारी पडली. अन्नावरची वासना उडाली. आईनं काय काय करून पाहिलं, ती ताट सरकवून द्यायची. निखिलच्या बाबांना कळलं तसे ते अकोल्याहून सकाळच्या गाडीनं डबा घेऊन आले. मऊ केलेली मुगाची खिचडी आणि कढी. मोठीआईनं डब्यात पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"मी बिमार आहे म्हनून केलं तुमी हे. हे काही रोजचं नाही."

आई सांगते, मास्तरांनी डबा तिच्या हाताशी ठेवला. मग म्हणाले, "मंग मी उद्याही आनतो, विहीणबाई. म्हंजे रोजचं होईन."

आणि ते येत राहिले. सकाळच्या गाडीनं यायचे, दुपारच्या गाडीनं परत जायचे. पहिल्या दिवशी तिनं चमचाभर खाल्लं, ते केवळ परीक्षा घ्यावी म्हणून. दोनचार दिवसांनी ती दाराकडे कान देऊन पडू लागली. मीठ कमी आहे, कढी पातळ आहे, आज फोडणी जळली, असं तिचं चालायचं आणि ते सगळं मान खाली घालून ऐकून घ्यायचे. मी फोनवर विचारलं, की जेवलीस का, तर आईला म्हणायची, सांग तिले, बुडा सोडते काय जेवल्याशिवाय. मी तिकीट काढलं होतं. येते म्हणून तिला सांगितलंही होतं.

मी पोचायच्या आधीच एका पहाटे ती गेली. पुढचं सगळं मला आईकडून कळलं. अकोल्याला फोन केला तेव्हा मास्तर डबा घेऊन गाडीत बसले होते, मोबाइल घरी राहिला होता. ते नेहमीच्या वेळेला आमच्या दारात आले आणि अंगणातली माणसं पाहून तिथंच थांबले. आमच्याकडे त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, जेवण सोयऱ्याकडून येतं. तिला निरोप देऊन सगळे परत आले, आंघोळी झाल्या, तरी वडील तोंडात पाणीही घेईनात. मास्तर त्यांच्याजवळ जाऊन बसले. डबा त्यांच्याच हातात होता. त्यांनी तो उघडला, खिचडी कालवली आणि पहिला घास वडिलांच्या तोंडाशी धरला.